नफा आहे, मग पैसे कुठे आहेत? मामांच्या तीन धंद्यांचा हिशोब

(एपिसोडमध्ये जे बोललो तेच इथे लिहून काढलंय. बोलताना झालेली 'अं… अं…' तेवढी काढून टाकली आहेत, आणि आकडे नीट मांडले आहेत.)

मागच्या एपिसोडमध्ये माझे मामा आले होते. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत त्यांचं छोटं मशिन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, लेथ आणि व्हीएमसीवर त्याचं मशिनिंग करायचं आणि तयार पार्ट मोठ्या कंपनीला पाठवायचा. चौदा माणसं कामाला आहेत. बोलता बोलता मामा सहज सांगून गेले की यंदा एका पार्टीकडून सध्याच्या दुप्पट काम मिळत होतं, पण त्यांनी अर्धंच घेतलं.

झालं! त्या एका वाक्यावर जेवढे मेसेज आले तेवढे अख्ख्या एपिसोडवर आले नाहीत. "का नाही घेतलं?" हा साधा प्रश्न. आणि एकाने तर सरळ लिहिलं, "मराठी माणूस धंद्यात मागे राहतो तो यामुळेच. रिस्क घ्यायला नको."

मी स्वतः नोकरी करणारा माणूस. बीटेक झालं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये सहा वर्षं झाली, महिन्याच्या शेवटच्या दिवशी पगाराचा एसएमएस येतो. त्यामुळे धंद्यावर प्रवचन देण्याचा मला अधिकार नाही. पण आकडेमोड जमते, आणि त्या ऑर्डरची एक्सेल शीट मामांनी माझ्याकडूनच करून घेतली होती. त्यांची परवानगी घेऊन आज ती तुमच्यासमोर मांडतोय. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत, पण प्रमाण तेच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. धंद्यातले चढउतार आपण हिमतीच्या आणि नशिबाच्या भाषेत बोलतो. पण त्यातला मोठा भाग निव्वळ वेळेचा असतो. पैसा जातो कधी आणि येतो कधी, या दोन तारखांमधलं अंतर. हे अंतर ज्याला पेलतं तो टिकतो.

नफ्यातला धंदा आणि रिकामं खातं

समजा महिन्याचं बिल १० लाखांचं. त्यात कच्चा माल ४ लाख. पगार, वीज, जागेचं भाडं, मशिनचे हप्ते, टूल्स वगैरे मिळून ५ लाख. म्हणजे खर्च ९ लाख, नफा १ लाख. कागदावर दहा टक्के. छान धंदा आहे, कोणीही म्हणेल.

आता यात एकच गोष्ट घाला. पार्टी पेमेंट करते ९० दिवसांनी.

जानेवारीत काम केलं, ३१ जानेवारीला बिल टाकलं. त्याचे पैसे येणार एप्रिलच्या शेवटी. तोपर्यंत जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल अशा चार महिन्यांचा खर्च तुम्ही खिशातून केलेला असतो. चार गुणिले नऊ, ३६ लाख. पहिला रुपया दिसायच्या आधी ३६ लाख बाहेर! कास्टिंगवाल्याने महिन्याभराची उधारी दिली तर हा आकडा ३२ वर येतो, एवढाच फरक.

एप्रिलअखेर पहिले १० लाख आले. खड्डा ३६ वरून २६ वर आला. मे महिन्यात ९ गेले, १० आले, खड्डा २५. म्हणजे दर महिन्याला एक-एक लाखाने तो भरत जाणार. पूर्ण भरायला अजून २६ महिने. जानेवारीत सुरू केलेला, पहिल्या दिवसापासून नफ्यात असलेला धंदा तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये शून्यावर येतो. आणि यात व्याज धरलेलंच नाही. २६ लाखांवर ११ टक्के धरलं तर महिन्याला जवळपास २४ हजार झाले. म्हणजे त्या एक लाखातला पाव हिस्सा सुरुवातीला बँकच घेऊन जाते.

वर जीएसटी आहे. १८ टक्के धरा. १० लाखांच्या बिलावर १ लाख ८० हजार. कच्च्या मालावर भरलेल्या ७२ हजारांचं क्रेडिट मिळतं. राहिले १ लाख ८ हजार. हे सरकारला भरायचे पुढच्या महिन्यात, साधारण २० तारखेच्या आसपास. पार्टीने तुम्हाला पैसे दिलेत की नाही याच्याशी जीएसटीला देणंघेणं नाही. बिल टाकलं, कर लागू झाला. म्हणजे महिन्याचा नफा १ लाख, आणि अजून न मिळालेल्या पैशांवर भरायचा कर त्याहून जास्त.

मामा याला एका वाक्यात सांगतात: "नफा सीएच्या वहीत असतो, पगार खात्यातनं द्यायला लागतो."

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट पटकन समजत नाही, कारण आमचा कच्चा माल म्हणजे माणसाचा वेळ, आणि तो खर्च कंपनी करते. पण उद्या तुम्ही नोकरी सोडून सर्व्हिस कंपनी काढली, चार डेव्हलपर ठेवले आणि क्लायंटला ६० दिवसांची मुदत दिली, तर गणित हेच आहे. कास्टिंगच्या जागी पगार, बाकी सगळं तसंच.

मग दुप्पट ऑर्डर म्हणजे काय?

आता त्या प्रसिद्ध ऑर्डरकडे येऊ. महिन्याला १० लाखांचं जादा काम, त्याच अटींवर. म्हणजे अजून एक ३६ लाखांचा खड्डा. वर नवीन मशिन घ्यायचं म्हणजे त्याची मार्जिन मनी वेगळी. आणि हा खड्डा भरायला हाताशी काय? सध्याच्या धंद्याचा महिना १ लाख.

धंदा वाढणं ही आनंदाची बातमी असते, पण खात्याच्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा खर्च असतो. धंदा कमी होतो तेव्हा जुनी येणी येत राहतात आणि नवा खर्च घटतो, म्हणून काही दिवस खातं उलट बरं दिसतं. धंदा वाढतो तेव्हा खातं कोरडं पडतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, "एवढी मोठी ऑर्डर मिळाली आणि सहा महिन्यांत बुडाला, उधळपट्टी केली असणार." बऱ्याचदा उधळपट्टी वगैरे काही नसते. ऑर्डर पेलायला लागणारा पैसा नसतो, एवढंच.

मामांनी काय केलं? नकार दिला नाही. पार्टीपुढे तीन गोष्टी ठेवल्या.

पहिली, काम अर्धं घेतो. दुसरी, कास्टिंग तुम्ही पाठवा, मी फक्त मशिनिंगचे पैसे लावतो. म्हणजे जॉबवर्क. तिसरी, पेमेंट ४५ दिवसांत.

पहिल्या दोन गोष्टी पार्टीने मान्य केल्या. तिसरी कागदावर मान्य केली. मामांनी हिशोबात मात्र ६० दिवस धरले, कारण अनुभव. नवीन मशिन घेतलंच नाही, आहे त्याच मशिनवर दुसरी पाळी सुरू केली.

आता आकडे बघा. अर्धं काम म्हणजे ५ लाखांचं, त्यातला २ लाखांचा माल पार्टीचा. उरलं ३ लाखांचं बिल. खर्च अडीच लाख. नफा ५० हजार. ६० दिवसांनी पैसे आले तर पहिल्या रुपयाआधी तीन महिन्यांचे साडेसात लाख गुंततात.

पूर्ण ऑर्डरमध्ये १ लाख नफ्यासाठी ३६ लाख अडकणार होते. इथे ५० हजारांसाठी साडेसात लाख. नफा निम्मा झाला, पण अडकणारा पैसा जवळपास पाचव्या हिश्श्यावर आला. याला रिस्क न घेणं म्हणायचं का? माझ्या मते रिस्क मोजून घेणं म्हणायचं.

चढही फुगवलेला, उतारही फुगवलेला

आता जरा मागे जाऊ, कारण मामा असे पहिल्यापासून नव्हते. हा त्यांचा तिसरा धंदा.

दुसरा धंदा २००४ ते २००९, याच एमआयडीसीत, भागीदारीत. ट्रकचे पार्ट. पहिली चार वर्षं नुसता चढ. मामी सांगते की त्या काळात मामा कोणाचं ऐकायचे नाहीत. आणि का ऐकावं? दर वर्षी नफा दुपटीने वाढत होता.

इथे परत एक साधं गणित आहे, आणि धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा हाताने करून बघावं. वरचेच आकडे घेऊ. बिल १० लाख, माल ४ लाख, बाकी खर्च ५ लाख. यातला मालाचा खर्च कामाप्रमाणे कमीजास्त होतो. पण ते ५ लाख ठरलेले आहेत. काम असो नसो, भाडं, पगार, हप्ता चुकत नाही.

काम २० टक्क्यांनी वाढलं. बिल १२ लाख, माल ४ लाख ८० हजार, ठरलेला खर्च ५ लाख. नफा २ लाख २० हजार. काम वाढलं वीस टक्के आणि नफा झाला दुपटीहून जास्त!

काम २० टक्क्यांनी घटलं. बिल ८ लाख, माल ३ लाख २० हजार, ठरलेला खर्च तोच ५ लाख. २० हजार तोटा.

म्हणजे बाजार थोडा वर गेला की मालक हुशार वाटायला लागतो, थोडा खाली आला की नालायक. प्रत्यक्षात तो तोच माणूस असतो, त्याच मशिनवर तेच काम करत असतो. ठरलेला खर्च जेवढा मोठा, तेवढा झोका मोठा. मामांचं म्हणणं, "तेजीत मला वाटायचं हे सगळं माझ्या अकलेचं आहे. मंदीत वाटलं सगळी चूक माझीच. दोन्ही वेळेला निम्मं खरं होतं."

२००८ च्या शेवटी जागतिक मंदी आली आणि देशात ट्रकची विक्री जोरात घसरली. मामांच्या धंद्यात ऐंशी टक्के काम एकाच पार्टीचं होतं. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. त्या पार्टीचं काम निम्म्यावर आलं आणि तिने पेमेंटही लांबवलं.

बँक छत्री नेमकी पावसात का मागते

हा भाग मला स्वतःला नवीन होता, म्हणून सविस्तर सांगतो.

छोट्या कारखान्याला बँक कॅश क्रेडिट देते, म्हणजे सीसी. मंजूर लिमिट कितीही असलं तरी प्रत्यक्ष किती पैसे काढता येतील हे दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर ठरतं. शिल्लक माल आणि पार्ट्यांकडून येणं असलेली रक्कम, त्यातून मार्जिन वजा करून. आणि सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँक धरत नाही. जुनं येणं म्हणजे बुडीत जायची शक्यता, असा त्यामागचा विचार. बँकेच्या बाजूने तो बरोबरच आहे.

आता मंदीत काय होतं बघा. आधी तीन महिन्यांची बिलं ३० लाख होती. २५ टक्के मार्जिन वजा केलं तर साडेबावीस लाख काढता येत होते. काम निम्मं झालं, शेवटच्या तीन महिन्यांची बिलं झाली १५ लाख. जुन्या बिलांचे पैसे आलेले नाहीत, पण ती ९० दिवसांच्या बाहेर गेली, म्हणजे मोजणीतून बाद. आता काढता येणार सव्वाअकरा लाख. पण तुम्ही तर साडेबावीस लाख आधीच काढून वापरले आहेत! म्हणजे बँक म्हणणार, सव्वाअकरा लाख परत भरा. नेमकं त्याच महिन्यात, ज्या महिन्यात पार्टीने पैसे दिलेले नाहीत.

भरले नाहीत तर खातं अनियमित. ९० दिवस तसंच राहिलं तर एनपीए. एकदा तो शिक्का बसला की दुसरी बँकही दारात उभं करत नाही.

इथे अजून एक गोष्ट. आपण ऐकतो की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली की मालकाची जबाबदारी मर्यादित राहते. कायद्याने खरं आहे. पण छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक जवळपास नेहमी संचालकांची वैयक्तिक हमी घेते. सही केली की ती मर्यादा व्यवहारात संपली. मामांचं राहतं घर तारण होतं. त्या वर्षी मामीचे दागिने गहाण पडले आणि दोन मशिनं मिळेल त्या भावाला गेली. आधी कामगारांचे पगार दिले, मग बँक, सगळ्यात शेवटी घर. देणी फिटायला चार वर्षं लागली. त्या काळात ते दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते.

"धंदा बंद पडला त्याचं एवढं वाटत नाही," ते मला म्हणाले. "दिवाळीचा पगार तीन आठवडे उशिरा दिला, ते अजून डोक्यात आहे."

पहिला धंदा, जो वेळेवर बंद केला

आणि त्याआधीचा पहिला धंदा कोणता? एसटीडी-पीसीओ. १९९४ ते २००३. आजच्या वीस वर्षांच्या मुलांना सांगावं लागेल: काचेची केबिन, पिवळा बोर्ड, आणि भिंतीवर लाल आकडे पळवणारा मीटर. रात्री दर कमी व्हायचे म्हणून उशिरा रांगा लागायच्या.

तो धंदा मामांनी चालू असताना बंद केला. २००३ मध्ये मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं. त्या आधी फोन उचलायलाही पैसे पडायचे, त्यामुळे लोक मोबाइल जपून वापरायचे. मामांनी तेव्हा काही मार्केट रिसर्च केला नाही. फक्त रोजच्या वहीत लिहून ठेवायचे, आज किती कॉल झाले आणि सरासरी किती मिनिटांचे. कॉलची संख्या हळूहळू कमी होत होती, पण मिनिटं आधीच पडली होती. लोक "मी पोचलो, मोबाइलवर कर" एवढंच बोलून ठेवायला लागले होते. मामांनी केबिन विकली, डिपॉझिट सोडवलं आणि तेच भांडवल पुढच्या धंद्याला लागलं.

गंमत बघा. ज्या धंद्यात पूर्ण तंत्रज्ञानच मेलं, त्यातून ते पैसे घेऊन बाहेर पडले. आणि ज्या धंद्याला आजही मागणी आहे, त्यात बुडाले. फरक कशाचा? पीसीओत गिऱ्हाईक केबिनमधून बाहेर पडताना रोख पैसे देऊन जायचं. उधारी शून्य. त्यामुळे धंदा उतरला तरी खड्डा पडला नाही.

किर्लोस्करांनी वाट कशी पाहिली

"मराठी माणसाला जमत नाही" म्हणणाऱ्यांसाठी शिरोलीपासून फार लांब जायला नको. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बेळगावात त्यांनी सायकलींचं दुकान काढलं. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे सुरुवातीचे नांगर बराच काळ विकलेच गेले नाहीत. मग बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि चालता कारखाना हलवायची वेळ आली. औंध संस्थानाने कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली, आणि १९१० मध्ये तिथे वाडी वसली. नंतर पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा पर्याय शोधून त्यांनी भट्टी चालू ठेवली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि जिद्द होतीच. पण माझ्यातल्या आकडेमोडवाल्याला दुसरंच दिसतं. नांगर विकला जात नव्हता तेव्हा चारा कापायचं यंत्र होतं. जागा गेली तेव्हा औंधचा आधार होता. म्हणजे वाट बघायची सोय होती. नांगर चांगला होता हे शेवटी सिद्ध झालं, पण सिद्ध होईपर्यंत टिकणं हे वेगळंच काम होतं. असे किती नांगर चांगले असूनही विस्मरणात गेले असतील, ज्यांच्या मालकाकडे अजून सहा महिने नव्हते!

कायदा काय म्हणतो आणि तो वापरला का जात नाही

बरेच जण विचारतील, ९० दिवस पैसे थकवायला परवानगी आहे का? नाही.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल आहे, राज्याची फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन आणि फुकट होते.

२०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने अजून एक पाचर मारली. प्राप्तिकराच्या त्या तरतुदीनुसार, या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. म्हणजे मार्चअखेर पेमेंट थकवलं तर त्याचा त्या वर्षीचा कर वाढतो. मामा सांगतात की मार्चमध्ये आता फोन उलट दिशेने येतात, "तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा, बिल क्लिअर करतो."

तिसरी सोय म्हणजे ट्रेड्स. मोठ्या कंपनीने मान्य केलेलं बिल या प्लॅटफॉर्मवर टाकायचं, बँका त्यावर बोली लावतात, थोडं व्याज कापून पैसे तुम्हाला लगेच मिळतात. नंतर कंपनीने पैसे दिले नाहीत तर बँक तुमच्या मागे लागत नाही. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना इथे नोंदणी करणं आता बंधनकारक आहे. पण नोंदणी करणं आणि तुमचं बिल तिथे मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी. ते मागावं लागतं.

आणि इथेच सगळं अडतं. ज्याचं ऐंशी टक्के काम एकाच पार्टीकडून येतं, तो तिच्यावर व्याज लावेल का? तक्रार करेल? एकदा करेल, पुढच्या महिन्यात ऑर्डर बंद. कायदा वापरायची ताकद कोणाकडे, तर ज्याला ती पार्टी गेली तरी चालेल त्याच्याकडे. म्हणून मामांचा तिसऱ्या धंद्यातला पहिला नियम आहे: कुठल्याही एका पार्टीचं काम तीस टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. दुप्पट ऑर्डर पूर्ण घेतली असती तर एकट्या त्या पार्टीचा वाटा पन्नास टक्के झाला असता. एक्सेलमध्ये न दिसणारं हे खरं कारण. अर्धी ऑर्डर जॉबवर्कने घेतल्यावर तो वाटा तेवीस टक्क्यांवर आला.

उद्या सुरू करणार असाल तर

मला मेसेज करणाऱ्यांत नोकरी सोडायच्या विचारात असलेले बरेच आहेत. मामांकडून मी लिहून घेतलेले चार प्रश्न देतो. आयडिया कशी आहे हे त्यात कुठेच नाही.

एक, पहिलं बिल टाकल्यापासून पैसे हातात येईपर्यंत किती दिवस? पार्टी जेवढे सांगते त्यात पंधरा मिळवा.

दोन, तेवढ्या दिवसांचा पूर्ण खर्च किती? घरखर्चासकट. हा आकडा म्हणजे तुमचं खरं भांडवल. मशिन किंवा लॅपटॉपची किंमत नंतर.

तीन, काम वीस टक्क्यांनी घटलं तर महिन्याला काय उरतं? उत्तर उणे येत असेल तर ठरलेल्या खर्चातलं काय भाड्याने किंवा कामाप्रमाणे घेता येईल ते बघा.

चार, सगळ्यात मोठी पार्टी उद्या गेली तर किती महिने पगार देऊ शकाल? मामांचं सध्याचं उत्तर चार महिने आहे. २००८ मध्ये ते तीन आठवडे होतं.

शेवटी ज्यांनी "मराठी माणूस मागे राहतो" लिहिलं त्यांना उत्तर. दुसरी पाळी सुरू झाल्यावर मामांनी पाच नवीन माणसं घेतली, चौदाची एकोणीस झाली. मशिनचं नवीन कर्ज नाही, घर तारण नाही, मामीचे दागिने घरात आहेत. पुढच्या वर्षी त्या पार्टीचं पेमेंट खरंच वेळेवर आलं तर उरलेली ऑर्डर घेणार आहेत. ऑर्डर तिथेच आहे, ती कुठे पळून जात नाही.

तुमच्या घरात कोणी धंदा करत असेल तर आज त्यांना एकच प्रश्न विचारा: "बाजारात किती पैसे अडकलेत?" नफा किती होतो हे विचारलं तर लोक हसून विषय बदलतात. या प्रश्नावर मात्र तासभर बोलतील, आणि धंदा म्हणजे काय ते तुम्हाला त्या एका तासात कळेल. त्यांनी काय सांगितलं ते मला जरूर कळवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, कोणाचं बिल तुमच्याकडे थकलं असेल तर आजच देऊन टाका!